ताटलीवरचं नाव कोणाचं?

नागपूरहून आलेलं पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून: वडिलांची तेरवी झाली आणि घर आवरताना माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. त्यात पणजोबांची लष्करातली पदकं निघाली. एक चांदीचं गोल, एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. एक पिवळसर, पंख असलेल्या बाईचं. शिवाय सहा टोकांच्या दोन चांदण्या. कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा आहे: फाटकं डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, मोडी लिपीतली पत्रं, जुन्या शोकपत्रिका आणि राजाची सही असलेलं एक इंग्रजी पत्र. एक ब्राँझची ताटली मात्र पेटीत नव्हती, ती आमच्या देवघरात असते. तिच्यावर सिंहासोबत त्रिशूळधारी देवी आहे, आजीच्या काळापासून तिला हळदकुंकू वाहतो. ताटलीवरचं पहिलं नाव पदकावरच्या नावापेक्षा वेगळं आहे, पण ती इंग्रजांची लिहिण्यातली चूक असणार. पणजोबांना ही सगळी पदकं शौर्यासाठी मिळाली, असं बाबा सांगत. ते लढाईवरून परत आले, शेती केली आणि १९५० नंतर वारले. आजोबाही काही वर्षं फौजेत होते. ते १९८० च्या सुमारास गेले. इतवारीतल्या ओळखीच्या सराफाने चांदीचं पदक तोलून मोडीचा भाव सांगितला. फेसबुकवर भेटलेला एक खरेदीदार सगळ्याची बरी रक्कम देतो म्हणतो, कागद मात्र नकोत म्हणतो. तो पुढच्या आठवड्यात येणार आहे. दादावर कर्ज आहे, त्याला विकायचं आहे. धाकटी बहीण म्हणते, तिघांत वाटून घेऊ. भाचा कागद लॅमिनेट करून फ्रेम करायला निघालाय. कामठीची आत्या ऐंशीच्या पुढे आहे, ती म्हणते काहीही घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. पण ती लग्न होऊन गेलेली, तिचा यात काय हक्क? या वस्तूंची खरी किंमत किती आणि आम्ही काय करावं?

ताई,

किंमत किती हे तुम्ही शेवटी विचारलंत, पण पत्रातलं जवळजवळ प्रत्येक माणूस त्याच प्रश्नापाशी येऊन थांबलेलं दिसतं. मला आधी वेगळंच सांगायचं आहे, कारण ते अजून तुमच्या घरात कोणाच्या लक्षात आलेलं नाही. देवघरातली ती ताटली तुमच्या पणजोबांची असू शकत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती स्पष्ट दिसते. साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची, हातात त्रिशूळ घेतलेली उभी बाई, पुढे चालणारा सिंह, एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव आणि कडेने इंग्रजी ओळ. त्या ओळीचा अर्थ, ‘तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला’. ही बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं मूर्त रूप. सिंह आणि त्रिशूळ पाहून तुमच्या आजीने तिला देवी मानलं, यात नवल काहीच नाही. ही स्मृतिताटली पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या माणसाच्या घरी, म्हणजे त्याच्या विधवेला, आईवडिलांना किंवा जवळच्या वारसाला पाठवली जात असे. जिवंत परतलेल्याला ती मिळत नसे. त्यावर हुद्दा आणि पलटण मुद्दाम घातली जात नसे, फक्त नाव, कारण मरणात लहानमोठा भेद नको असं ठरलं होतं.

तुमचे पणजोबा परत आले, नांगर धरला, पेन्शन खाल्ली. मग ताटलीवर आडनाव तेच आणि पहिलं नाव दुसरं, ही कारकुनाची चूक कशी असेल? त्या काळचे कारकून कानावर पडेल तसं लिहीत हे खरं, पण म्हणून जिवंत माणसाच्या नावाने मरणाची ताटली ओतली जात नाही. माझा अंदाज असा की हे पणजोबांचे भाऊ असावेत, सख्खे किंवा चुलत. तुमच्या घरातून दोघं गेले आणि एकच परत आला. दुसऱ्याची आठवण कुठल्याशा पिढीत गळून पडली, त्याच्या नावाला मात्र शंभर वर्षं हळदकुंकू मिळत राहिलं.

राजाची सही असलेलं पत्रही याच ताटलीसोबतचं असणार. ‘इतरांसाठी वेचलेल्या एका शूर आयुष्याची ही आठवण माझ्या कृतज्ञ प्रजेसह मी पाठवतो आहे’, अशा आशयाचा मजकूर आणि खाली जॉर्ज राजाची सही. ही सही छापील असते, लाखो घरांना तीच गेली. त्यामुळे राजाच्या हस्ताक्षराची किंमत म्हणून कोणी लाखांचा आकडा सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण हे पत्र ताटलीपासून वेगळंही करू नका.

आता पदकांकडे. चांदीचं गोल पदक हे ब्रिटिश वॉर मेडल, पंखवालीचं ते व्हिक्टरी मेडल. ही जोडी पहिल्या महायुद्धाची. दोन्ही युद्धात सेवा केल्याबद्दल मिळत, शौर्याबद्दल नव्हे, तेव्हा ‘शौर्यासाठी मिळाली’ ही कथा सोडावी लागेल. मला ठाऊक आहे, वडील नुकतेच गेलेले असताना त्यांचा शब्द खोटा पाडल्यासारखं वाटतं. पण विदर्भातल्या खेड्यातला एक तरुण समुद्र ओलांडून लढाईवर गेला आणि जिवंत परतला, या गोष्टीला पदरची भर घालायची गरज नाही. आणखी एक. लढाईच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे १९१५ संपायच्या आत, आघाडीवर गेलेल्यांना या जोडीसोबत एक ताराही मिळे. तुमच्याकडे तो नाही. हरवला नसेल तर पणजोबा १९१६ किंवा त्यानंतर गेले, एवढं या जोडीवरूनच कळतं.

सहा टोकांच्या चांदण्या मात्र त्यांच्या नाहीतच. त्या दुसऱ्या महायुद्धातल्या. मधल्या गोलावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. फोटोत एकीवर १९३९-१९४५ दिसतं, दुसरी बर्मा स्टार आहे. म्हणजे आजोबा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. इंग्रज सैनिकांना दिलेल्या चांदण्यांवर नाव नसे, भारतीय सैन्याला दिलेल्यांवर मागच्या बाजूला नंबर आणि नाव ठोकलेलं असे. त्या उलट्या करून बघा. पेटी आणि देवघर मिळून तीन माणसं आहेत, ताई, आणि तुम्ही सगळे त्यांना एकच पणजोबा समजत आहात. तिघा भावंडांत वाटणी करायची तर नेमकं कोणाचं काय वाटणार?

नाव वाचायची पद्धत सांगते. गोल पदकाचं नाव समोर नसतं, कडेवर असतं. सकाळी खिडकीशी बसा, पदक हातात आडवं धरा, उजेड तिरपा पडू द्या आणि हळूहळू फिरवत मोबाइलने फोटो काढा. आधी नंबर, मग हुद्दा, नाव आणि शेवटी पलटण अशा क्रमाने ठसे असतात. तुम्ही लिहिलंय की पणजोबांच्या पदकावर ‘ड्रायव्हर’ दिसतं, म्हणून ते साहेबाची मोटार चालवत असावेत. त्या युद्धातला फौजेतला ड्रायव्हर बहुतेक वेळा खेचरांचा किंवा त्यांच्या गाड्यांचा असे. सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअरमध्ये असे हजारो जण होते. दाणागोटा, दारूगोळा आणि पाणी त्यांच्याच भरवशावर आघाडीला पोचे.

आणि कृपा करून पितांबरी लावू नका. चिंच नको, लिंबू नको, ब्रासोही नको. घासलं की आधी कडेवरचे ठसे जातात, आणि ते गेले की हातात नुसता धातू उरतो. व्हिक्टरी मेडलची कड तुमच्याकडे आधीच गुळगुळीत झालेली दिसते. कुणीतरी दर दिवाळीला प्रेमाने उजळलं असणार. आता थांबायचं. कुजलेली फितही फेकू नका. देवघरातून ताटली काढावी का, असं विचारलंत. माझं मत, काढू नका. तिथे ठेवणाऱ्यांनी चुकीच्या समजुतीने ठेवली असेल, पण जागा चुकीची नाही. हळदकुंकू आणि पाणी मात्र थेट धातूवर नको, समोर वाहा.

कागदांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुमच्या घरात पदकांना धन समजताहेत आणि कागदांना शोभेच्या वस्तू. खरेदीदाराला कागद नकोत, हे ऐकून मला तो माणूस जाणकार वाटत नाही. किंवा फार जाणकार वाटतो, कारण कागद नसले की वस्तू कोणाच्या घरातून आली हे सिद्ध करायची भानगड उरत नाही. पदकावर असतं एक नाव. गाव, तालुका, बापाचं नाव, भरतीची तारीख, वय, अंगावरची खूण, कुठल्या आघाडीवर किती काळ, हे सगळं असतं डिस्चार्ज सर्टिफिकेटवर. पेन्शन कोणाच्या नावे आली हे असतं पुस्तकात. शोकपत्रिका वरवर रद्दी वाटतात, पण मृत्यूची तिथी, ‘दुःखांकित’ म्हणून खाली छापलेली नावं, माहेर-सासरची गावं दुसरीकडे कुठे एकत्र मिळतात? ती नावं एका वहीत उतरवून काढा, अर्धी वंशावळ तिथेच उभी राहील.

म्हणून भाच्याला आजच थांबवा. लॅमिनेशनमध्ये तापलेलं प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते पुन्हा काढता येत नाही आणि आतला आम्लधर्मी जुना कागद कुजत राहतो. सेलोटेपचंही तेच, काही वर्षांनी पिवळा डाग तेवढा राहतो. त्याला फ्रेमच करायची असेल तर चांगली रंगीत झेरॉक्स काढून ती करावी, मूळ कागद आत राहू द्यावेत. घड्या उलगडताना जोर लावू नका. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, आणि आम्लमुक्त कागदाच्या लिफाफ्यात, तो न मिळाल्यास धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात, एकेक वेगळा ठेवा. डांबरगोळ्या कागदाला टेकून नकोत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो, आणि कूलरच्या खोलीत ओल धरते. या दोन्ही जागा टाळून आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वर असलेल्या कपाटात ठेवा. वाळवी आणि कसर लागली का, हे पावसाळ्यात महिन्याला एकदा उघडून पाहा. डिस्चार्ज सर्टिफिकेट आणि पेन्शन बुकाचे फोटो फेसबुकवर टाकू नका. त्यांवर अंगठे आहेत, नंबर आहेत आणि खोट्या वारसांना लागणारं सगळं आहे.

ताटलीवरच्या माणसाचा शोध घरबसल्या सुरू करता येतो. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे सतरा लाख मृतांची यादी फुकट शोधता येते. आडनावाचं स्पेलिंग चारपाच प्रकारे घालून बघा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. त्या काळी आपला भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, तेव्हा नोंदीत महाराष्ट्र शोधू नका, ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ शोधा. त्यांचा मृत्यू मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाला असेल तर बसराच्या स्मारकाची नोंद निघेल. त्या स्मारकावर इंग्रज सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. तसं निघालं, तर कदाचित तुमच्या देवघराखेरीज कुठेच या माणसाचं नाव धातूवर कोरलेलं नसेल. ताटली विकायची का, याचं माझं उत्तर इथेच आलं.

इकडची कागदपत्रंही बघा. जातपडताळणीसाठी तुमच्या घरात कोणीतरी कोतवाल बुकाची नक्कल काढलेली असेलच. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, पणजोबांच्या बापाला मुलगे किती हे तिथून कळू शकतं. घरातलं कोणी त्र्यंबकेश्वर-नाशिकला विधीसाठी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही घराण्याची नोंद सापडते. मोडी वाचणारा माणूस मिळाला तर पत्रं आधी त्याच्यासमोर ठेवा, आघाडीवरून आलेलं एखादं पत्र त्यात असू शकतं.

नागपूरकर फौजेची कुठलीही वस्तू घेऊन कामठीला जातात, कारण छावणी जवळ आहे. तिथलं केंद्र ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं आहे आणि ती रेजिमेंट १९४९ मध्ये उभी राहिली. पणजोबांचं खातं वेगळं. सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअरचा वारसा आजच्या आर्मी सर्व्हिस कोअरकडे आहे, तिचं केंद्र बंगळूरला. महार रेजिमेंटचं केंद्र सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. तेव्हा आधी कडेवरची पलटण वाचा, मग तिचा आजचा वारस शोधा, मग तिथे नंबर-नाव-गाव घालून पत्र लिहा. इतक्या जुन्या नोंदी टिकल्या असतीलच असं नाही, पण पत्राला खर्च काय? आजोबांच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हेच पत्र वाचणाऱ्या कोणाच्या घरी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची पत्नी हयात असेल, तर त्यांनी मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिथेच जावं, अशा विधवांसाठी राज्य शासनाची मदत आहे.

आता किंमत. सराफाने सांगितलेला भाव खोटा नाही. त्याने चांदी तोलली. हे पदक स्टर्लिंग चांदीचं, वजन साधारण तीन तोळ्यांच्या आसपास. फक्त त्याने नाव तोललं नाही. चांदीची अशी पासष्ट लाखांवर पदकं दिली गेली, आणि १९८० च्या सुमारास चांदी कडाडली तेव्हा जगभर ढिगाने वितळवली गेली. हेच पदक मजूर आणि हमाल तुकड्यांना ब्राँझमध्ये दिलं होतं, ते लाखभरच. सराफाच्या दुकानात ब्राँझला कोणी विचारत नाही, संग्राहक मात्र त्यासाठी जास्त मोजतो. म्हणून कोणाकडे ‘नुसतं तांब्याचं’ म्हणून कोपऱ्यात पडलेलं असेल तर एकदा कड वाचावी.

संग्राहक बघतो ते असं: कडेवरचे ठसे मूळचे आहेत का, एका माणसाची सगळी पदकं एकत्र आहेत का, पलटण कुठली, माणूस आघाडीवर मेला की परतला, आणि सोबत कागद आहेत का. यातली एक कडी तुटली की भाव पडतो. धाकट्या बहिणीच्या वाटणीत नेमकं तेच होईल, चांदीचं एकीकडे, पंखवालीचं दुसरीकडे, आणि दोन्ही अर्धवट. ताटल्या एकूण सुमारे साडेतेरा लाख ओतल्या गेल्या आणि त्या युद्धात मेलेले भारतीय सैनिक सुमारे ७४ हजार, यावरून भारतीय नावाच्या ताटलीचं दुर्मीळपण तुम्हीच ताडा. दर बघायचा तर कोणी मागितलेला बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकला गेलेला बघा. लंडनमधले पदकांचे लिलाव करणारे जुने निकाल इंटरनेटवर ठेवतात.

पण लंडनला पाठवू म्हणणारा भेटला तर सावध राहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू, आणि कागदपत्रं असतील तर पंचाहत्तर वर्षांवरची, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. देशातही अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. तुमच्या वस्तू त्यात बसतात का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळात विचारा. विक्रीच्या आधी हे विचारलंच पाहिजे.

दादांना लोभी समजू नका. कर्जाच्या हप्त्याखाली दबलेल्या माणसाला पेटीत पैसे दिसतात, त्यात गैर काही नाही. पण जे मिळेल त्याने कर्ज फिटणार आहे का, हे आकडे मांडून बघा. अशी साधी जोडी सहसा फार मोठी रक्कम देत नाही. एवढ्याशा दिलाशासाठी तीन माणसांची ओळख द्यायची असेल तर तिघा भावंडांनी मिळून दादांचे दोन हप्ते भरावेत, हे मला जास्त रास्त वाटतं. विकायचंच ठरलं तर एका माणसाचं सगळं एकत्र, कागदांसकट, फोटो आणि नोंद करून, पावती घेऊन विका. दान करायचं असेल तर रेजिमेंटचं संग्रहालय किंवा आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, दोन्हीकडे आधी लेखी विचारा. वस्तू मांडणार की गोदामात ठेवणार, कुटुंबाला बघता येणार का, हे कागदावर घ्या. माझी पसंती मात्र अशी की सगळं एका घरी राहावं, सांभाळणारा ठरावा आणि फोटोंची प्रत प्रत्येकाकडे असावी.

उरली आत्या. ‘लग्न होऊन गेलेली’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण चांदण्या तिच्या वडिलांच्या आहेत. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या वस्तूंत लेकीचा मुलाइतकाच वाटा असतो, लग्न झालं तरी. म्हणजे आजोबांच्या चांदण्यांवर तिचा हक्क तुमच्या तिघांच्या आधीचा, तुमच्या बाबांच्या बरोबरीचा. तिला विचारल्याशिवाय त्या विकताच येणार नाहीत. आणि या तीनपैकी दोन माणसांबद्दल प्रत्यक्ष ऐकलेलं असणारी तुमच्या घरात आता तीच उरली आहे.

खरेदीदाराला कळवा की या महिन्यात काही दाखवायचं नाही. ‘आजच द्या, उद्या हा भाव नाही’ म्हणाला तर त्याला जाऊ द्या. त्याच्याऐवजी तुम्ही कामठीला जा, ताटलीचा फोटो घेऊन जा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवून आत्यांना विचारा. पणजोबांना भाऊ किती होते? त्यांतला कोणी ‘फौजेत गेला तो आलाच नाही’ असं कधी ऐकलं होतं का? त्याचं लग्न झालं होतं का, बायको कोणत्या गावची, मागे मूलबाळ होतं का? घरात सरकारकडून पैसे येणारी एखादी विधवा काकू किंवा आजी होती का? असेल तर ताटलीचे वारस वेगळेच निघू शकतात, आणि मग निर्णयात त्यांनाही घ्यावं लागेल. आत्या दमतील, तेव्हा एका दिवशी सगळं उरकायला बघू नका. सांगितलेलं घरी येऊन स्वच्छ लिहून काढा, पुढच्या खेपेला त्यांना वाचून दाखवा, त्या सुधारतील ते सुधारा, आणि खाली तारीख घालून त्यांची सही घ्या.